डेस्कटॉप आपोआप रीस्टार्ट होतो, मदरबोर्ड बदलायचा का?

नका बदलू. निदान एवढ्यात तरी नाही.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : तीन वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, यूपीएसवर चालतो. दोन महिन्यांपासून काम करता करता स्क्रीन काळी होते आणि मशीन स्वतःच पुन्हा सुरू होतं. कधी दिवसात दोनदा, कधी चार दिवस काहीच नाही. दुकानदाराने दोनदा विंडोज फॉरमॅट करून दिलं, रॅम खोडरबराने पुसून लावली आणि आता म्हणतो, मदरबोर्ड गेलाय.

मी हार्डवेअरवाला नाही, कराडला डीटीपीचं काम करतो. पण हेच दुखणं मी ऐन लग्नसराईत पाच आठवडे काढलंय. मलाही दोनदा फॉरमॅट करून मिळालं होतं आणि मलाही मदरबोर्डच सांगितला होता, साडेसात हजार. दोष निघाला भलतीकडेच. ते पुढे सांगतो. आधी मशीन मरतं कसं ते बघा. विंडोज कोसळतं, की त्याच्या पायाखालची वीजच जाते? हे कळल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

स्टार्टच्या शोधपट्टीत 'व्ह्यू ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' टाइप करा. उघडलेल्या खिडकीत 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या खाली 'सेटिंग्ज' आहे, तिथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची टिक काढून टाका. आता विंडोज स्वतः कोसळलं, तर निळी स्क्रीन तशीच थांबून राहील (विंडोज ११ च्या अलीकडच्या अपडेटनंतर ती काळी झालीय) आणि तिच्यावर दोषाचं नाव असेल. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. टिक काढूनही मशीन न थांबता थेट रीस्टार्ट झालं, तर विंडोजला बोलायची संधीच मिळाली नाही. म्हणजे बहुतेक वेळा वीज तुटली किंवा कुणीतरी रीसेट दिला.

दुसरा पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत (स्टार्टच्या शोधपट्टीत नाव टाइप केलं की उघडते). 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टिम' उघडलं की 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद दिसेल. ती बघून लोक लगेच 'पॉवरचाच प्रॉब्लेम' म्हणतात. तसं नाही. मागच्या वेळी मला नीट बंद केलं नव्हतं, एवढंच ती नोंद सांगते. पंचनाम्यात मृतदेह कुठे सापडला ते असतं, मारलं कुणी ते नसतं, तसं. उपयोगाचं आहे ते तिच्या 'डिटेल्स'मध्ये : 'बगचेक कोड'. तो शून्य असेल तर विंडोजला काही कळलंच नाही, वीज किंवा रीसेटकडे बघा. दुसरा काही आकडा असेल तर विंडोजच कोसळलं होतं. शेजारीच ६००८ क्रमांकाची नोंद असते, तिच्यात मशीन किती वाजता पडलं ती वेळ लिहिलेली असते. ती वेळ फार महत्त्वाची.

माझ्याकडे कोड शून्य होता. मग मी ६००८ च्या सगळ्या वेळा एका पाठकोऱ्या कागदावर उतरवून काढल्या. सोमवार सकाळी ६:४७. मंगळवार काही नाही. बुधवार सकाळी ६:४६, संध्याकाळी ६:५१. गुरुवार काही नाही. शुक्रवार संध्याकाळी ६:४८. 'केव्हाही बंद पडतं' असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होतो आणि कागदावर बघतो तर सगळं पावणेसातच्या आसपास! खाली जाऊन वॉचमनकाकांना विचारलं, "मोटर किती वाजता लावता?" म्हणाले, "पावणेसातला. पाण्याची पाळी असंल त्या दिवशीच."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मशीनसमोर कान देऊन बसलो. खालून मोटरचा 'घूंऽऽ' आला, ट्यूबलाइट एक क्षण मंदावली, टेबलाखालच्या यूपीएसमध्ये 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि स्क्रीन काळी.

साहजिकच पहिला संशय यूपीएसवर. त्याला कॉम्प्युटरऐवजी ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. बॅटरी मेलेली असती तर बल्ब तिथेच विझला असता. तो नुसता किंचित लवला आणि पुढे दहा मिनिटं जळत राहिला. म्हणजे यूपीएस निर्दोष. मग?

घरी वापरतो ते बहुतेक यूपीएस ऑफलाइन किंवा लाइन-इंटरॅक्टिव्ह जातीचे. लाइट असताना ते बाहेरची वीजच पुढे ढकलतात आणि व्होल्टेज फार पडलं की रिले (आतला आपोआप उडणारा स्विच) उडवून बॅटरीवर जातात. ते 'टक्' त्या रिलेचं. या उडीत काही मिलिसेकंद, फार तर दहाएक, वीज येतच नाही. तेवढा वेळ एसएमपीएसने, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याने, आपल्या पोटातल्या मोठ्या कपॅसिटरवर (थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर) तग धरायची असते. मानकाप्रमाणे चांगल्या एसएमपीएसने साधारण १६ मिलिसेकंद तरी टिकायला हवं. आपल्याकडच्या विजेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ एक फेरा. पण उन्हाळ्यामागून उन्हाळे खाऊन कपॅसिटर वाळला, किंवा मुळातच लहान घातलेला असला, की एवढीही तग धरवत नाही. मग एसएमपीएस मदरबोर्डला दिलेला 'पॉवर गुड' नावाचा सिग्नल काढून घेतो, मदरबोर्ड प्रोसेसरला तिथल्या तिथे रीसेट करतो, आणि तेवढ्यात वीज परत आल्याने मशीन साळसूदपणे सुरू होतं. बल्बाला दहा मिलिसेकंदांचं काय सोयरसुतक! म्हणून तो वाचला.

मित्राच्या मशीनचा एसएमपीएस आठवडाभर मागून आणला. मोटर लागत राहिली, 'टक्' होत राहिलं, मशीन एकदाही पडलं नाही. माझा जुना एसएमपीएस कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा. वर ४५० वॅट छापलेलं. पण लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जेवतात ते याच बारा व्होल्टवर, त्यामुळे खरा आकडा तो. तुमच्याही लेबलावर हा गुणाकार करून बघा. '८० प्लस'चा शिक्का कार्यक्षमतेचा असतो, टिकाऊपणाचा नव्हे, हेही लक्षात असू द्या. मी साडेतीन हजारांचा ५५० वॅटचा घेतला आणि विषय मिटला.

एक सांगून ठेवतो : एसएमपीएसचा डबा उघडून कपॅसिटर फुगलाय का बघायच्या भानगडीत पडू नका. आत तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसेच राहतात.

तुमचं दुखणं नेमकं हेच असेल असं मी म्हणत नाही. पण वेळा लिहून काढा. मोटर, फ्रिज, मिक्सर, शेजारचं वेल्डिंग, काय लागल्यावर पडतं ते बघा आणि 'टक्' ऐकू येतं का तेही.

कोड शून्य आहे पण वेळांना काही ताळतंत्र नाही, असं निघालं तर आणखी एक बिनखर्चाची गोष्ट करा. कॅबिनेटच्या तोंडावरच्या रीसेट बटणाची दोन पिनांची बारीक वायर मदरबोर्डला जाते, ती उपसून ठेवा आणि चार दिवस तसंच वापरा. आमच्या शेजारच्या काकांचं मशीन असंच दिवसातून दहा वेळा रीस्टार्ट व्हायचं. बटण धुळीने आत अडकून बसलं होतं, टेबलाला धक्का लागला की रीसेट! त्यांनी त्याआधी रॅम नवी घेतली होती. ती परत कोण घेणार.

निळी स्क्रीन येत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे रॅमपासून सुरुवात करा. खोडरबराने पुसणं वाईट नाही, पण ती तपासणी नव्हे. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. सकाळी एकही लाल ओळ नको. 'एकच एरर आहे, चालतंय' असं नसतं. एरर आल्या तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला वाढीव वेग देणारं सेटिंग, बंद करून पुन्हा चालवा. रॅम चांगली असूनही वाढीव वेग तिला किंवा बोर्डला झेपत नाही, असं पुष्कळदा होतं. तरीही आल्या तर एकेक काडी लावून बघा. रोज वेगवेगळ्या नावाची स्क्रीन येणं हेही बहुधा रॅमचंच लक्षण.

उष्णतेवर सगळे पटकन बोट ठेवतात, मला ती इथे कमी संभवते. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन बंद होऊन बंदच राहतं, लगेच उठून बसत नाही. तरी कूलरच्या चार प्लॅस्टिकच्या पिनांपैकी एखादी सुटलेली नाही ना, एवढं बघून घ्या. फक्त गेम खेळतानाच पडत असेल, तर ग्राफिक्स कार्ड आणि पुन्हा तोच एसएमपीएस.

आणि प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या किंवा चौदाव्या पिढीतला आय७ किंवा आय९ असेल, तर बायोस आधी अपडेट करा. त्यातले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होतात हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं, त्यावर बायोस अपडेटमधून येणारा नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) काढला आणि त्या मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेट पुढचं नुकसान टाळतं, झालेलं भरून काढत नाही. तेव्हा तसं असेल तर वॉरंटीत बदलून मागा.

दुकानदाराशी भांडू नका. मदरबोर्ड बदलून घेण्याआधी त्याला एवढंच म्हणा, "दादा, आठवडाभर एक चांगला एसएमपीएस वापरायला द्या, त्यावरही पडलं तर मदरबोर्ड तुमच्याकडूनच घेतो." बहुतेक जण देतात. आणि नवा एसएमपीएस मॉड्युलर असला, म्हणजे केबली सुट्या निघणारा असला, तर केबली त्याच्याच वापरा. जुन्या केबलीचं टोक नव्यात व्यवस्थित बसतं, पण आतल्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. मला एसएमपीएस देणाऱ्या मित्राने असाच 'बसली की!' म्हणत जुनी केबल लावून स्वतःची हार्ड डिस्क जाळली होती.