मॉडेलचा पुरावा नोंदवताना: नव्या क्युरेटरसाठी

एखादं जनुक एखाद्या आजाराला कारण आहे का, हे ठरवताना क्युरेटर प्रकाशित पुरावा तपासून नोंदवतो. प्राण्यांत किंवा पेशींत तो आजार उभा केला, की ते झालं मॉडेल. शोधनिबंधाचा सारांश वाचून नोंद करू नका, आकृत्या उघडा. ‘उंदरात आजार दिसला’ एवढ्यावर भागत नाही. जनुक पूर्ण बंद केलं होतं की रुग्णात सापडलेला नेमका बदल घातला होता, एक प्रत की दोन्ही, आणि रुग्णाचं कोणतं लक्षण मॉडेलमध्ये खरंच उतरलं, हे लिहा.

सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं आणि आतडी बिघडवणारा आनुवंशिक आजार घ्या. १९९२ साली सीएफटीआर, म्हणजे या आजाराचं जनुक, बंद केलेले उंदीर आले. आतडी तुंबून बरेच दगावले, पण माणसासारखा फुप्फुसाचा आजार त्यांना आपोआप झाला नाही. तो पुढे डुकरांत दिसला. म्हणून न जुळलेलं लक्षणही नोंदवाच. ते गाळलं तर पुढचा माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो, आणि दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी लेकराचा अहवाल असतो.

पेशींचं म्हणाल, तर रुग्णाच्या पेशी आणि हेक २९३ (प्रयोगशाळेत वाढवतात त्या, रुग्णाच्या नसलेल्या मानवी पेशी) एकाच रकान्यात टाकू नका. क्लिनजेन, म्हणजे जनुक आणि आजार यांच्या नात्याचा पुरावा गुणांनी तोलणारा प्रकल्प; त्याच्या चौकटीत प्राण्याच्या मॉडेलला मुळात २ गुण, पेशींच्या मॉडेलला १. सगळ्या प्रायोगिक पुराव्याची कमाल मर्यादा ६. निरोगी जनुक परत घातल्यावर दोष सुधारला असेल, तर ती ‘रेस्क्यू’ म्हणून वेगळी नोंद, निबंध तोच असला तरी.