मुलीचा पहिला पगार घरात मागावा का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी बी.कॉम. झाली, पुढच्या महिन्यात इथेच इंदूरला, विजयनगरच्या एका कंपनीत रुजू होतेय, पॅकेज 3 लाख. तिचे बाबा म्हणतात पगार घरात आणून दे, लग्नापर्यंत आम्ही सांभाळतो. ती म्हणते माझा पगार माझा. तुमचं मधल्यामध्ये सँडविच झालंय. शिवाय धाकटा बारावीत आहे, त्याला आत्तापासून काय शिकवावं, हेही विचारलंय.

आधी उत्तर देतो, मग बाकीचं. पगार तिच्याच खात्यात राहू द्या आणि घरातलं एक बिल कायमचं तिच्याकडे सोपवा. ‘आईच्या हातात दरमहा पाच हजार ठेव’ असं सांगू नका. पाच हजार ठेवले की मुलांना वाटतं आपण सुटलो. बिल तसं सोडत नाही, ते दर महिन्याला नवा आकडा घेऊन दारात उभं.

मी कोण सांगणारा? पीथमपूरच्या एका कारखान्यात पगार विभागात मला 24 वर्षं झाली. राजेंद्रनगरातून पहाटे कंपनीची बस पकडतो. दर पावसाळ्यात नवी पोरं भरती होतात, आणि पहिला पगार झाला की माझ्या टेबलापुढे रांग लागते. वाक्य सगळ्यांचं एकच: “सर, पच्चीस का बोला था, इक्कीस भी नहीं आया!”

तुमच्या मुलीचंही हेच होणार आहे, म्हणून आजच तिला कागद-पेन घेऊन बसवा. 3 लाख म्हणजे महिन्याला 25,000, पण त्यात कंपनी आपला पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) वाटा आणि ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची, तरतूदही धरते. समजा बेसिक, म्हणजे मूळ पगार, 13,500 आहे. त्याचे 12 टक्के, म्हणजे 1,620, हा कंपनीचा पीएफ. ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी 649. हे दोन्ही काढले की उरले 22,731. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ पुन्हा 1,620, आणि मध्य प्रदेशात या पगाराला प्रोफेशनल टॅक्स महिन्याला 125. हातात पडले 20,986. तिच्या ऑफर लेटरमधलं बेसिक वेगळं असेल, तेवढा आकडा बदलून घ्या, रीत हीच.

यात कोणी तिला लुबाडलेलं नाही, हे तिला दिसायला हवं. कंपनीच्या 1,620 पैकी 1,125 पेन्शनच्या खात्यात जातात आणि 495 पीएफमध्ये. तिचे 1,620 धरून पीएफमध्ये महिन्याला 2,115 साठतात, म्हणजे वर्षाला 25,380. वर व्याज, 2024-25 साठी ते 8.25 टक्के होतं. मुलगी काही न करता बचत करायला लागली की! पण बहुतेक मुलांच्या लेखी हे पैसे ‘कापले गेले’, आणि नोकरी बदलली की पहिलं काम पीएफ काढून नवा फोन घेणं. काढायचे नाहीत. यूएएन, म्हणजे पीएफचा तिचा नंबर, जन्मभर एकच असतो, जुनं खातं नव्या कंपनीत वळवून घ्यायचं. पेन्शनसाठी 10 वर्षांची नोकरी लागते आणि ती वेगवेगळ्या कंपन्यांतली मिळून धरतात.

इथे आपल्या मराठी लोकांची एक खास भानगड आहे. आपण नावात मध्ये वडिलांचं नाव घालतो. दहावीच्या मार्कशीटवर नुसतं नाव-आडनाव, आधारवर मध्ये बाबा, पॅनवर बाबांचं एकच अक्षर, आणि हिंदीत लिहिताना आडनावातल्या ळचा ल झालेला. पुढे पीएफचा क्लेम अडकतो तो इथे. आमच्याकडच्या एका मुलाचे चार महिने नुसत्या स्पेलिंगच्या दुरुस्तीत गेले. रुजू होण्याआधी आधार, पॅन आणि बँक खातं, तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख सारखी करून घ्या. मूळ मार्कशीट मात्र कोणी कितीही मागितली तरी जमा करू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत आणा. पीएफचं नॉमिनेशन (आपल्यामागे पैसे कोणाला द्यायचे ते) पहिल्याच महिन्यात ऑनलाइन भरायला सांगा. लग्नानंतर ते पुन्हा करावं लागतं, आधीचं तेव्हा रद्द धरतात.

आता बिलाचं. माझ्या पुतणीला नोकरी लागली तेव्हा ती आमच्याचकडे राहायची. मी तिला म्हटलं, आजपासून लाइटचं बिल तुझं, मी त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही. पहिले दोन महिने मजेत गेले. जानेवारीचं बिल आलं आणि ती मीटरपाशी मोबाइलची बॅटरी लावून उभी. युनिट 168, आणि बिल डिसेंबरच्या दुपटीहून जास्त. काका, मीटर खराब आहे म्हणाली. मी गप्प. रात्री जेवताना तिचं तिलाच उमगलं. आपल्या अटल गृह ज्योती योजनेत पहिल्या 100 युनिटचे 100 रुपये पडतात, पण महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत असला तरच. एक युनिट जास्त झालं की सवलत संपूर्ण जाते, नुसत्या वरच्या युनिटांची नाही. म्हणजे वरची 18 युनिटं तिला किती महागात पडली ते तिनं बिलाच्या मागे मांडून काढलं. दुसऱ्या दिवशी गिझरच्या बटणापाशी चिठ्ठी: ‘दहा मिनिटं. काका, तुम्हीपण.’ महिन्याच्या विसाव्या दिवशी रीडिंग बघायची सवय तिला लागली ती आजही आहे, आणि पुण्याच्या भाड्याच्या खोलीतसुद्धा ती तेच करते.

हे मी तिला तोंडी सांगितलं असतं तर तिनं “हो काका” म्हटलं असतं आणि गिझर चालूच राहिला असता. स्लॅब, मुदत, दंड, सवलत हे सगळं तिला एका बिलानं शिकवलं. पुढे इन्कम टॅक्सचे स्लॅब समजावताना मला फार बोलावं लागलं नाही.

म्हणूनच बाबांनी पगार ‘सांभाळणं’ मला पटत नाही. त्यांचा हेतू चांगला आहे, शंका नाही. पण आमच्याकडे सत्तावीस वर्षांचे मुलगे आहेत ज्यांचं एटीएम कार्ड वडिलांच्या खिशात असतं. त्यांना विचारलं खात्यात किती आहेत, तर घरी फोन करतात.

मीही काही शहाणा जन्मलो नव्हतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिलो. “अरे, नुसती सही तर आहे.” तो नोकरी सोडून गेला आणि माझ्या पगारातून 14 महिने 900 रुपये कापले गेले, आणि त्या काळात ते 900 जड होते. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून आईला सांगितलं ओव्हरटाइम बंद झालाय. जामीन राहू नये हे आमच्या घरात प्रत्येकाला माहीत होतं, माझ्याशी मात्र त्यावर कोणी कधी बोललं नव्हतं. आता जामीनकी फारशी दिसत नाही. आता मैत्रीण म्हणते, “तुझ्या कार्डावर फोन घेऊ का, हप्ता मी देते.” तेच लफडं, नुसते कपडे बदललेले. मुलीला माझी गोष्ट सांगा, हवं तर हसूही द्या.

क्रेडिट कार्डाबद्दल एवढंच. पोहे-जलेबी, छप्पन दुकानवरचं खाणं, रात्री सराफ्यातलं खाणं, यानं कोणाचं घर बुडत नाही. उगाच तिच्या पन्नास-शंभर रुपयांच्या मागे लागू नका. बुडवतं ते थकवलेलं कार्ड. 30,000 बाकी राहिली आणि दर महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर व्याज 1,050, त्यावर 18 टक्के जीएसटी 189. तिनं त्या महिन्यात 1,500 भरले तर मुद्दलातून 261 रुपये गेले. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे विसरा. हा आकडा तिला स्वतःच्या हातानं काढायला लावा.

पहिल्या पगाराची बातमी फुटली की कोणी मामा, कोणी काका पॉलिसीचे फॉर्म घेऊन हजर होतील. बावीस वर्षांच्या, कोणी अवलंबून नसलेल्या मुलीला आयुर्विमा लगेच लागत नाही. कंपनीचा आरोग्यविमा आहे का, त्यात आई-वडील येतात का, हे आधी विचारा. मग तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम आरडीत, म्हणजे बँकेत दरमहा भरायच्या ठेवीत. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता, त्यानंतर. चहा द्या मामांना, सही नको.

पगाराची चिठ्ठी वाचता येणं हे नोकरीच्या तयारीतलंच एक काम. दुसरं तोंड उघडता येणं. आपली मुलं घरात मराठी, रस्त्यावर हिंदी बोलतात आणि ऑफिसात इंग्रजीत गप्प बसतात. बॉसला फोन करून “आज येऊ शकत नाही, कालचं काम अमुक ठिकाणी ठेवलंय” हे एक वाक्य न अडखळता सांगता यावं, एवढ्यासाठी मी पुतणीकडून तीनदा सराव करून घेतला होता. तिला राग आला होता.

धाकट्याला वेगळा क्लास लावू नका. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँका उघडून देतात. त्यात त्याचे वह्या, रिचार्ज आणि दिवाळीच्या कपड्यांचे तीन महिन्यांचे पैसे एकदम टाका. संपले तर संपले, मध्ये आजीला गुपचूप देऊ देऊ नका. (आमच्याकडे हे जमलं नाही. आजीपुढे कोणाचं चालतं?)

आणि परीक्षा झाली की भंवरकुव्याच्या कोचिंगला पाठवण्याआधी महिनाभर त्याला कोणाच्या तरी दुकानात काम करू द्या, पगार घेऊन. माझा भाचा सतराव्या वर्षी सियागंजात ओळखीच्या ठोक किराणा व्यापाऱ्याकडे होता. शेठनं त्याला उधारीची वही दिली आणि म्हणाले, फोन लाव. पहिला फोन एका पन्नाशीच्या दुकानदाराला. हा लाजत “अंकल, वो पेमेंट...” एवढं बोलला आणि पलीकडून फोन बंद. शेठ म्हणाले, अंकल म्हणू नकोस, भाईसाहब म्हण. आणि कधी देणार ते विचारू नकोस, गुरुवारी किती वाजता माणूस पाठवू ते विचार. गुरुवारी चार वाजता 6,000 आले. सगळे नव्हते. भाच्यानं वहीत बाकी लिहिली आणि पुढचा गुरुवार मागून घेतला.

ऑफर लेटर हातात आलं की नोटीस पीरियड किती आणि बाँडचं कलम (ठराविक काळाआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची अट) आहे का, एवढं बघा. नाव-पत्ता झाकून पगाराचा तक्ता इथे टाकलात तर मी ओळ न् ओळ फोड करून देतो. शनिवारी संध्याकाळी मोकळा असतो.