वाचकांचे प्रश्न : रायफलची नळी ब्रशनं झिजते का?

प्रश्न : माझी मुलगी दुधाळीच्या रेंजवर .२२ रायफलनं ५० मीटर प्रोन (पालथं पडून नेमबाजी) खेळते. फौजेतून निवृत्त झालेले माझे दीर म्हणतात, नळी रोज घासून आरशासारखी ठेव. कोच म्हणतात, घासूनच नळी खराब होते. पितळी ब्रशनं खरंच झीज होते का?
– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, ब्रशला दोष देऊ नका. त्याचे केस नळीच्या पोलादापेक्षा मऊ, घासताना झिजतो तो ब्रशच. शिशाची गोळीही .२२ च्या नळीला फारसं काही करत नाही. नळी खाते ती सळई आणि तिला चिकटलेली कच.

मी फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, होतो. मागं एका पोराची रायफल माझ्याकडं आली. गोळ्या पसरायला लागल्या म्हणून घरचे नवी नळी घ्यायला निघाले होते. गुजरीतल्या सोनारांकडं असतं तसलं भिंग लावून नळीचं तोंड बघितलं, तर चऱ्यांच्या (नळीच्या आतल्या पीळदार खाचांच्या) कडा फक्त खालच्या अंगाला बुजलेल्या. गोळीनं झिजली असती तर चहूबाजूंनी झिजली असती. पोरगं जोडाची अॅल्युमिनियमची सळई रोज पुढून घालत होतं. अॅल्युमिनियममध्ये कच रुतते आणि सळईची कानस होते. आडाच्या कठड्यावर दोरानं खाच पडते, तसंच हे. जुन्या .३०३ रायफलला पुलथ्रूची (नळीतून चिंधी ओढायची) दोरी तिरकी ओढून हेच व्हायचं. गोळी शेवटची सुटते ती या कडेवरून. कड एका बाजूला खचली की मागचा गॅस तिकडून आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो.

तुमच्या दिरांचंही खोटं नाही. त्यांच्या वेळच्या जुन्या काडतुसांचा मसाला नळीत क्षार सोडायचा, एका रात्रीत गंज धरायचा. आताच्या .२२ ला ती भीती नाही. पावसाळ्यात मात्र तेलाची चिंधी फिरवाच.

सळई अखंड घ्या, प्लास्टिकचं वेष्टण असलेली. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं बघून बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढायचा, मागं बोअर गाइड (सळई नळीच्या मधोमध ठेवणारी पुंगळी) बसवायचा, सळई मागूनच घालायची आणि प्रत्येक फेरीनंतर पुसायची. एरवी सफाईच्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोळ्या पुरतात. ब्रश चेंबरपुढं काजळी धरली तरच.

कान साफ करायची कापसाची काडी नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवर गोल फिरवून बघा. कुठं तंतू अडकला तर रायफल जाणत्याकडं न्या, आणि सळईही बरोबर न्या. मी तरी आधी तीच बघतो.