पुण्यात फ्लॅट घेताना आणि साताऱ्याचं घर विकताना वकील कोणता करावा

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही ठाण्यात राहता. कोथरूडमध्ये १९८०च्या दशकातल्या इमारतीतला एक रीसेल फ्लॅट पसंत पडला आहे आणि त्यासाठी दिवंगत वडिलांच्या नावावरचं साताऱ्यातलं घर विकायचं आहे. मागे आई आणि दोन बहिणी आहेत. एजंट म्हणतो, "आमचे वकील आहेत, दोन्ही पार्ट्यांचं तेच बघतात, वेगळा खर्च कशाला?" शिवाय बँक कर्ज देताना कागद तपासणारच आहे, आणि ठाण्यात तुमच्या ओळखीचे एक वकीलही आहेत. मग तिथला स्वतंत्र वकील लागतो का, आणि लागला तर निवडायचा कसा?

लागतो. तुमच्या बाबतीत तर दोन लागतात, फ्लॅटसाठी पुण्यातला आणि घरासाठी साताऱ्यातला. मी बरीच वर्षं आमच्या सोसायटीचा सचिव होतो. ट्रान्सफरच्या फायली हाताखालून गेल्या, त्यामुळे कुठे गाडी अडते ते जवळून पाहिलं आहे.

आधी एजंटच्या वकिलाबद्दल. तो माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण त्याला कामं एजंट देतो आणि एजंटचं कमिशन व्यवहार पार पडला तरच मिळतं. अशा वकिलाला "हा फ्लॅट घेऊ नका" म्हणणं जड जातं, आणि तुम्ही फी देता ती मुख्यतः हे वाक्य वेळेवर ऐकायला मिळावं म्हणून. शिवाय करारातल्या जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या कलमात घेणारा आणि विकणारा समोरासमोर असतात: ताबा कधी, उरलेली रक्कम कधी, मागची थकबाकी कोणाची, उद्या तिसऱ्याच कोणी हक्क सांगितला तर भरपाई कोण करणार. एका पक्षाचं काम केलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचं काम घेऊ नये, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियमही सांगतात. मसुदा त्यांच्या वकिलाने केला तरी हरकत नाही. तो वाचून तुमच्या बाजूने खुणा करणारा मात्र तुमचाच हवा.

बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचंही तसंच. त्याची फी बहुतेक वेळा तुमच्याकडूनच वसूल होते, पण अहवाल जातो बँकेकडे आणि अनेकदा तुम्हाला त्याची प्रतही मिळत नाही. त्याने बघायचं असतं ते बँकेचं तारण. पार्किंग करारात लिहिलंय का, सोसायटीची बाकी किती, गच्चीला लागून काढलेली खोली मंजूर नकाशात आहे का, यात त्याला विशेष रस नसतो. कर्ज मंजूर झालं म्हणजे टायटल (मालकी हक्क) क्लिअर, असं धरून चालू नका.

आता तुमचे ठाण्याचे ओळखीचे वकील. विश्वासाचा माणूस आहे, मोलाचं आहे, त्यांना मसुदा जरूर दाखवा. पण मालमत्तेच्या जुन्या नोंदींचा शोध घेण्याचं काम, म्हणजे सर्च, मालमत्ता जिथे आहे तिथल्या दप्तरात होतं. पुणे परिसरात 'हवेली' नावाने दुय्यम निबंधकांची, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांची, अनेक कार्यालयं आहेत आणि तुमच्या फ्लॅटचा जुना दस्त त्यातल्या कुठल्याही एका ठिकाणी नोंदलेला असू शकतो. एकाच कार्यालयाची नोंदलेल्या दस्तांची सूची (इंडेक्स) बघून दिलेला अहवाल अपुरा असतो, हे पुण्यात रोज काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इ-सर्च आहे, पण १९८०च्या दशकातली हस्तलिखित इंडेक्सची पुस्तकं प्रत्यक्ष जाऊनच बघावी लागतात. काही पानं फाटलेली असतात. चांगला वकील अमुक वर्षाची पानं उपलब्ध नव्हती असं अहवालात लिहितो आणि ती फट दुसऱ्या मार्गाने बुजवतो: जुन्या दस्ताची प्रमाणित प्रत मागवतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो.

सर्च किती वर्षांचा, हे आधीच विचारा. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदतीच्या कायद्यात ३० वर्षांची मुदत आहे, म्हणून ३० वर्षांचा सर्च घेण्याची पद्धत आहे. कोणी पंधरा वर्षांत भागवतो म्हणाला तर कारण विचारा.

आणि सर्चमध्ये सगळं दिसत नाही, ही गोष्ट मला तुमच्या मनावर खरंच ठसवायची आहे. मूळ कागद बँकेकडे किंवा पतसंस्थेकडे नुसते ठेवूनही गहाण होतं. त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे असं गहाण झाल्याची सूचना, नोंदवण्याची सक्ती महाराष्ट्रात २०१३ पासूनची. त्याआधीचं असं गहाण इंडेक्समध्ये सापडेलच असं नाही. म्हणून वकिलाने झेरॉक्सवर समाधान मानता कामा नये, मूळ दस्तांची अख्खी साखळी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवी. आमच्याच इमारतीतला एक विक्रेता महिनाभर "मूळ करारनामा गावी आहे" म्हणत होता. खरेदीदाराची वकीलबाई हटली नाही. शेवटी निघालं की कागद एका पतसंस्थेत तारण आहेत. कर्ज फिटलं, कागद सुटले, मग खरेदी झाली. ती बाई नुसत्या इंडेक्सवर विसंबली असती तर ते कर्ज माझ्या नव्या शेजाऱ्याच्या डोक्यावर बसलं असतं.

कोर्टातल्या दाव्यांचंही तसंच, ते इंडेक्समध्ये असतीलच असं नाही. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, पण आडनावांच्या गर्दीत नेमका माणूस ओळखायला तिथल्या न्यायालयात वावरणारा लागतो. विक्रेत्यांची भाऊबंदकी चालू आहे ही कुणकुण बाररूममध्ये आधी पोचते.

तुमच्या इमारतीच्या वयामुळे आणखी काही बघायचं आहे. महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या करारनाम्यालाही खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क लागू झालं ते १० डिसेंबर १९८५ पासून. त्याआधीचे फ्लॅटचे करार अगदी किरकोळ किमतीच्या स्टॅम्प पेपरवर झालेले दिसतात, काही तर नोंदवलेलेही नसतात. पहिला करार या तारखेच्या आधीचा आहे की नंतरचा, आणि मधल्या हस्तांतरांवर पूर्ण शुल्क भरलंय का, हे वकिलाने तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. अपुऱ्या स्टॅम्पचा दस्त कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही, आणि ते निस्तरायची वेळ शेवटच्या मालकावर येते.

मग ही सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात दोन्ही भरपूर. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट बघा आणि जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालंय का विचारा. बिल्डरने करून दिलं नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे त्याच्याशिवाय सरकारी आदेशाने होणारं कन्व्हेयन्स, झालंय का? उद्या रीडेव्हलपमेंट निघालं की सगळं घोडं तिथेच अडतं. अपार्टमेंट असेल तर १९७०चा कायदा लागतो आणि नोंदवलेलं डीड ऑफ डिक्लरेशन (अख्ख्या इमारतीचं घोषणापत्र) आणि डीड ऑफ अपार्टमेंट (त्या फ्लॅटचा दस्त) असायला हवं. पहिल्याच भेटीत वकिलाने हा प्रश्न तुम्हाला विचारला नाही, तर मी दुसरा वकील बघेन.

विक्रेता परदेशात असून त्याच्या वतीने कुलमुखत्यार सही करणार असेल तर ते मुखत्यारपत्र खरं आहे का, अजून चालू आहे का आणि विक्रीचा अधिकार देतं का, हे तपासून घ्या. आणि "मागचा व्यवहार मुखत्यारपत्रावरच झाला होता" असं ऐकलंत तर थांबा. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलंय की नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही.

साताऱ्याकडे वळतो. विकणाऱ्याला वकील कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. तुम्हाला तो खरेदीदाराइतकाच लागणार आहे. घर वडिलांच्या नावावर, म्हणजे आधी मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डवर) वारसांची नोंद व्हायला हवी. नगर भूमापन कार्यालयात याला वेळ लागतो. पण ती नोंद झाली म्हणजे मालकी ठरली असं नाही, ती फक्त दप्तरातली नोंद. हिंदू वारसा कायदा तुम्हाला लागू असेल आणि वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई आणि दोन्ही बहिणींचा हिस्सा आहेच. घर वडिलोपार्जित असलं तरी २००५च्या दुरुस्तीने आणि २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुलींचा जन्मसिद्ध हक्क पक्का केला आहे. बहिणी हक्क सोडणार असतील तर ते नोंदणीकृत हक्कसोडपत्रानेच व्हायला हवं, साध्या संमतीपत्राला अर्थ नाही. माझं मत विचाराल तर हक्कसोडपत्राच्या मागे लागूच नका. आईने आणि दोघी बहिणींनी खरेदीखतावर विक्रेत्या म्हणून सह्या कराव्यात आणि ज्याचा त्याचा हिस्सा ज्याच्या त्याच्या खात्यात जावा. खरेदीदारही निर्धास्त राहतो आणि घरात पुढे शब्दाला शब्द वाढत नाही. कोणता मार्ग धरायचा ते सगळ्यांनी मिळून वकिलासमोर बसून ठरवा, एकट्या तुम्ही नको.

साताऱ्याच्या वकिलाकडून दोन गोष्टी नीट लिहून घ्या: पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय ताबा आणि मूळ कागद द्यायचे नाहीत, आणि चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना कोणाचं काय आहे ते, आजच्या स्थितीप्रमाणे लिहायच्या. शेजारचं घर केव्हाच दुसऱ्याच्या नावावर गेलेलं असतं आणि दस्तात अजून जुनंच नाव उतरत राहतं.

आता माणूस शोधायचा कसा. भारतात वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे मोठ्या जाहिरातीतून पुढे आलेल्या नावापासून जपून. तुम्ही घेणार त्या परिसरातल्या दोन-चार सोसायट्यांच्या सचिवांना विचारा: कोणाचे कागद व्यवस्थित येतात, आणि कोणत्या वकिलाने एखादा व्यवहार थांबवला होता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं. नोंदणी कार्यालयाबाहेर बसणारे दस्तलेखक आणि स्टॅम्पवाले त्यांच्या कामात तरबेज असतात, पण ते टायटलबद्दल मत देऊ शकत नाहीत. वकिलाचा सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक विचारायला संकोच वाटू देऊ नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद असते, अहवालावर तो क्रमांक असायला हवा.

पहिल्या भेटीत मी एकच गोष्ट बघतो. कागद न बघताच "काही काळजी करू नका, होऊन जाईल" म्हणणारा मला नको. आधी कागदांची यादी हातात देणारा हवा. सर्च स्वतः घेणार की सर्च क्लार्ककडून, अहवाल तुमच्या नावाने देणार का, त्यात कोणते मूळ कागद पाहिले आणि कोणते नाही ते लिहिणार का, हे विचारा. "टायटल क्लिअर अँड मार्केटेबल" असं एका पानावर लिहून दिलेला कागद मला पुरेसा वाटत नाही. फी आणि किरकोळ खर्च, म्हणजे सर्चचं चलन, जाहीर नोटीस, प्रमाणित प्रती, वेगवेगळे लिहून घ्या. फी व्यवहाराच्या टक्क्यात मागितली तर नाही म्हणा. व्यवहार मोडला तरी वकिलाची पूर्ण फी मिळाली पाहिजे, नाहीतर तोही एजंटसारखाच व्यवहार पूर्ण होण्याकडे डोळे लावून बसेल.

राहिला कर: ५० लाख किंवा जास्त किमतीला घेणाऱ्याने विक्रेत्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापायचा, आणि विक्रेता अनिवासी असेल तर वेगळा हिशेब. ते सीएकडून करून घ्या, साताऱ्याच्या भांडवली नफ्याचंही.

आणि टोकन अजून दिलं नसेल तर देऊ नका. द्यावंच लागलं तर रक्कम लहान ठेवा आणि टायटलमध्ये दोष निघाल्यास ती अमुक दिवसांत परत, हे इसार पावतीत, म्हणजे टोकनच्या पावतीत, लिहून घ्या. ते वाक्यही वकिलाने लिहिलेलं असू द्या. साताऱ्याचं काम आजच सुरू करा, कारण वारस नोंदीला लागणारा वेळ तुमच्या हातात नाही आणि पुण्याच्या शेवटच्या हप्त्याचे पैसे तिथूनच यायचे आहेत. पुण्याच्या करारात त्या हप्त्याची तारीख टाकण्याआधी दोन्ही वकिलांचं एकदा फोनवर बोलणं घडवून आणा.