मारकुट्या पोरांच्यात बसवू का?

"मावशी, मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. दर आठवड्याला शाळेतून फोन, आज ढकललं, उद्या चावला. घरी यांनी दोन ठेवून दिल्या तरी काही फरक नाही. आता काउन्सेलर मॅडम म्हणतात अशाच मुलांचा ग्रुप आहे, थेरपीला पाठवा. हे म्हणतात तिथे जाऊन अजून बिघडेल. काय करू? – एक आई, नाशिक"

अगं, तुझ्या अहोंची भीती अगदीच फालतू नाहीये हां. १९९९ साली टॉम डिशन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच दाखवलं होतं, वांड पोरं एकत्र आली की एक जण आपले पराक्रम सांगतो, बाकीचे खीखी हसतात आणि त्या हसण्यानेच त्याला अजून चेव येतो. पण ती टीनएजर पोरं होती, तुझा चौथीतला आहे.

आणि खरं सांगू का, मॅडमसमोर एकटा बसवला की तो शहाण्यासारखाच बोलणार, राग यायला समोर दुसरं पोरगं लागतं ना! अशा मुलांना साधा धक्का लागला तरी 'मुद्दाम मारलं' असंच वाटतं, ते आपण शंभरदा समजावून जात नाही, पण बरोबरीचा कुणी म्हणाला की अरे त्याचं दप्तर अडकलं होतं, तर पटतं. अमेरिकेत अशा मारकुट्या मुलांसाठी कोपिंग पॉवर म्हणून प्रोग्राम आहे, त्यात ४ ते ६ मुलं असतात, आधी बाहुल्यांच्या तोंडून चिडवाचिडवी आणि मग खरोखरची, एकमेकांना, आणि ज्याला चिडवतात त्याने डोकं शांत ठेवून हातातलं काम पुरं करायचं. भारी आहे की नाही?

पूर्ण कोर्स ३४ सेशनचा आहे, म्हणजे महिन्याभरात पोरगं गाय होईल अशी आशा धरू नकोस.

मॅडमना विचार, मुलं किती, मोठी माणसं दोन आहेत का (एकट्या बाईला सहा पोरं आवरायची म्हणजे कठीणच), मारामारीचे किस्से सांगून हशा सुरू झाला तर त्या काय करतात. नीट उत्तर आलं तर पाठव. 'बघू' म्हणाल्या तर थांब.

अजून एक, त्या प्रोग्रामात पालकांचीही १६ सेशन्स असतात. इथे तशी असतील तर अहोंनाच पाठव पहिल्यांदा, त्या दोन ठेवून देण्याबद्दल तिथे बोलणं होईलच.