बुत्ती म्हणजे भात नव्हे

प्रश्न खानापूरकडच्या एका मुलीचा आहे, सध्या नोकरीसाठी पुण्यात. आई फोनवर ‘दहीबुत्ती कालव’ म्हणते. खोलीतली मैत्रीण विचारते, बुत्ती म्हणजे भातच ना, मग सरळ दहीभात का म्हणत नाही? शिवाय आईसारखी चव येत नाही, ही जोडतक्रार.

मैत्रिणीला सांगा, बुत्ती म्हणजे भात नव्हे. शब्द कन्नड आहे, अर्थ शिदोरी. ‘बुत्ती कट्टु’ म्हणजे शिदोरी बांध. भाकऱ्या बांधून नेल्या तरी ती रोट्टी-बुत्तीच, तिथं भाताचं शीतही नसतं. भाताला कन्नडात ‘अन्न’ म्हणतात, म्हणून बेंगळुरातल्या हॉटेलात दहीभाताला मोसरन्न. मोसरु म्हणजे दही. आमच्या उत्तर कर्नाटकात तीच वस्तू मोसरुबुत्ती. आपण बेळगावकरांनी त्यातलं मोसरु तेवढं मराठी केलं आणि बुत्ती तशीच ठेवली. संस्कृत ‘भुक्ति’शी तिचं नातं जोडतात. भिक्षेची बिक्के करणाऱ्या कन्नडात भुक्तीची बुत्ती होणं नवल नाही. (आपला भात तरी कुठला? ‘भक्त’मधून आलेला.)

तेव्हा दहीबुत्ती म्हणजे दह्याची शिदोरी. सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाड्या निघायच्या तेव्हा कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि ही, एवढं बरोबर असायचं. चव बिघडते ती इथंच, शिदोरी घरी बसून खायला गेलं की.

मी स्वतः बेंगळुरात आल्यावर वर्षभर चुकले. कुकरचा मोकळा भात, वर पिशवीतलं आंबट दही, फोडणी, लगेच ताट. दहीभात झाला, वाईटही नव्हता. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “दूध कुठाय गे? दही नावाला घालायचं की.”

नेमकी गोष्ट ही आहे. एक वाटी तांदूळ तिप्पट पाण्यात मऊ शिजवायचा, कोमट असतानाच पळीनं घोटायचा. मग दोन वाट्या दूध आणि दही जेमतेम दोन चमचे. कालवताना हे सैलच दिसतं, खीर वाटावी इतकं. घाबरून दही वाढवू नका. दूध डब्यातच विरजतं आणि चार-पाच तासांनी बुत्ती घट्ट, गोडसर आंबट होते. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसला बसताना आई डबा द्यायची, सकाळी तुमकूर गेल्यावर उघडला की बरोबर लागलेली असायची. ती घरून निघायची कच्ची, आणि मी ती कच्चीच खात होते.

दहीभातात दही आधीच तयार असतं, म्हणून तो लगेच खायचा. उशीर झाला तर आंबतो. बुत्तीला वेळ लागतोच. दोन्ही शब्द ठेवा, एकमेकांच्या जागी वापरू नका.

फोडणीत मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता, आणि दह्यात भिजवून वाळवलेली सांडगी मिरची. ती मिरची तळून हातानं चुरडायची, पण खाताना. डब्यात आधीच घातली तर मऊ पडते.

आता लेखन. त्त लिहा, ट्ट नको. बुट्टी म्हणजे टोपली, तीही कन्नडातूनच आपल्याकडे आलेली. शाळेला मारतात तीही बुट्टीच. ‘दहीबुट्टी’ असं मी एका मेनूकार्डावर वाचलंय आणि दह्याची टोपली डोळ्यांसमोर आली.

आणि ‘कालव’ की ‘बांध’? आमच्याकडे दोन्ही. ओट्यापाशी कालवतात, कुणी गावाला निघालं की बांधतात. तुमची आई तुम्हाला कालव म्हणते, कारण बांधायची पाळी तिची.