नागली सोडायची का? पेठ आणि सिन्नरच्या ताईंना उत्तर

पेठ तालुक्यातल्या बचत गटाच्या ताई विचारतात: "जूनमध्ये पाऊस पडतो, मग दडी मारतो. नागलीची (नाचणीची) रोपं वाफ्यातच करपतात. घरचे म्हणतात, नागली सोडा, टोमॅटो लावा, धान्य विकत घेऊ. काय करावं?"

ताई, टोमॅटो जरूर लावा, पण नागलीच्या वावरात नको. "विकत घेऊ" हे चांगल्या वर्षाचं गणित आहे. अवकाळी आला की टोमॅटो जातो आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतली तुमची मजुरीही त्याच पावसात जाते. 26 नोव्हेंबर 2023 च्या गारपिटीत निफाडच्या बागांचं काय झालं ते आठवा. हातात पैसा नसतो तेव्हाच दुकानातून धान्य आणायची वेळ येते, आणि मग कोणाच्या ताटातली भाकरी कमी होते हे मी तुम्हाला सांगायला नको. रेशनचा तांदूळ पोट भरतो, पण 100 ग्रॅम नागलीत साधारण 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदळात त्याच्या दहावा हिस्साही नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हा फरक जाणवतो. म्हणून घरापुरती नागली किती लागते ते पेरणीआधीच ठरवा आणि तेवढी जागा बाजूला काढा. गटाच्या बैठकीत हे बायकांनीच बोलावं, असं माझं मत.

आता रोपांचं. सगळं बी एकदम टाकू नका. एकराला साधारण 2 किलो बी लागतं. त्यातलं अर्धं पहिल्या चांगल्या पावसावर आणि उरलेलं आठ-दहा दिवसांनी टाका. पहिला वाफा दडीत गेला तरी दुसरा हाताशी राहतो. वाफा गादीवाफाच, म्हणजे जमिनीपेक्षा उंच, करा आणि पाण्याजवळ घ्या. डोक्यावर हंडे वाहून रोपं जगवायची म्हणजे आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी ओझं. आवणी, म्हणजे वाफ्यातून वावरात लावणी, 21 ते 25 दिवसांच्या रोपांची करा. रोपं त्याहून जास्त दिवसांची झाली की फुटवे कमी येतात. उताराला आडव्या ओळी घ्या, मध्ये उडीद टाका, डाळीची सोय होते.

सिन्नरहून एका ताईंनी विचारलंय: "बाजरी फुलोऱ्यात असताना पाऊस लागला. कणसांतून चिकट थेंब गळले, आता दाण्यांत काळे खडे दिसतात. दळून खावी का?"

नको. हा अरगट नावाचा बुरशीचा रोग आहे. ते खडे विषारी असतात. खाल्ले तर मळमळ, उलट्या, चक्कर येते. अशी बाजरी जनावरांनाही घालू नका. पुढच्या वर्षी बी टाकण्याआधी 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बी ओता. वर तरंगेल ते काढून जाळा, तळाचं बी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवा. वाण बदलणार असाल तर 'धनशक्ती' विचारा, त्यात लोह जास्त आहे. आणि आताच्या बाजरीतली पसाभर पिशवीत घालून तालुका कृषी कार्यालयात आणा, बघून सांगतो.